डबीतली लीश: मैदानात हो, गल्लीत नको

वाचकाचं पत्र:

"आमचा बीगल जातीचा कुत्रा दोन वर्षांचा आहे, वजन साडेतेरा किलो. भावाने त्याच्यासाठी बटण दाबून थांबवायची, आपोआप डबीत गुंडाळली जाणारी ५ मीटरची लीश आणली. बारीक दोरीची आहे, वर 'कमाल १२ किलो' असं छापलंय. रोज सकाळी बाबा, वय ७१, त्याला कोथरूडमधल्या आमच्या गल्लीतून जवळच्या मैदानापर्यंत नेतात. रविवारी आम्ही सगळे वेताळ टेकडीवर जातो. बाबा म्हणतात, या लीशने बिचाऱ्याला जरा मोकळं हुंगता येतं. आईचं म्हणणं, जुना पट्टाच बरा होता. गेल्या आठवड्यात तो उभ्या गाडीच्या आडून एकदम रस्त्यावर गेला. स्कूटरवरच्या बाईंनी कसाबसा ब्रेक मारला. बाबांनी घाबरून दोरीच हाताने पकडली, दोन बोटांवर भाजल्यासारखे वळ उठलेत. आता सोसायटीची कमिटी अशा लीशवर बंदीची नोटीस लावणार म्हणते. लीश ठेवावी की टाकावी? दोरीच्या टोकाचा फोटो सोबत पाठवतो आहे."

नमस्कार.

आधी बाबांची बोटं. सरकणाऱ्या दोरीने झालेली जखम ही घर्षणाने भाजलेली जखम असते, ती साध्या ओरखड्यासारखी धरू नका. रोज साध्या पाण्याने स्वच्छ करून वर न चिकटणारी पट्टी बांधा. फोड आले असतील तर फोडू नका. हळद किंवा टूथपेस्ट लावू नका. बोट वाकत नसेल, टोक बधिर वाटत असेल, सूज किंवा पू दिसत असेल तर आजच डॉक्टरांकडे जा. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं तेही त्यांना सांगा. बाबांना मधुमेह असेल तर लक्षणांची वाट न बघताच दाखवून घ्या.

आता लीश. गल्लीसाठी ती आजपासून बंद करा. मैदानासाठी या प्रकारची लीश चालेल, पण तुमच्याकडे आहे ती नाही. दुसरी घ्यावी लागेल, आणि तीसुद्धा कुत्र्याला दोन गोष्टी शिकवल्यावरच वापरायची. आईंचं म्हणणं रस्त्यापुरतं शंभर टक्के बरोबर आहे. बाबांचंही खोटं नाही. बीगलची सगळी दुनिया नाकात असते. त्याला फिरायला नेऊन हुंगू न देणं म्हणजे माणसाला डोळे बांधून बाजारात नेण्यासारखं आहे. फक्त हुंगायला लागतो तो वेळ, लांब दोरी नव्हे, आणि तो वेळ दीड मीटरच्या लीशवरही देता येतो.

या डबीत काय असतं ते कळलं की गल्लीत ती का घात करते हे आपोआप लक्षात येतं. आत एक चकती, तिच्यावर दोरी किंवा पट्टी गुंडाळलेली, आणि मधे चावीच्या घड्याळात असते तशी चपटी, गुंडाळी केलेली स्प्रिंग. कुत्रा पुढे गेला की चकती फिरते आणि स्प्रिंग आवळली जाते. तो मागे आला की तीच स्प्रिंग सैल पडलेली दोरी आत ओढून घेते. अंगठ्याखालच्या बटणाने चकतीच्या दातात एक खीळ बसते आणि दोरी थांबते. दुसरी कळ ती खीळ कायम लावून ठेवते. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत अशा साधनाचं पेटंट १९०८ सालचं आहे, आणि आज दुकानात दिसतं ते रूप १९७० च्या दशकात जर्मनीतल्या फ्लेक्सी कंपनीने रूढ केलं.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की स्प्रिंग सैल दोरी आवरते, कुत्र्याला आवरत नाही. साध्या लीशवर कुत्रा उसळला की आपण हाताने दोन वेढे घेऊन त्याला जवळ आणतो. इथे तसं करायला काही नाही. धरायला फक्त प्लॅस्टिकची जाड मूठ आणि दाबायला बटण. बटण दाबलं तरी कुत्रा आहे त्याच अंतरावर थांबतो. तो चार मीटरवर रस्त्याच्या मधोमध असेल तर तुम्ही त्याला रस्त्याच्या मधोमधच रोखून धरलं. त्या क्षणी माणसाचा हात आपसूक दोरीकडे जातो. बाबांचं तेच झालं, यात त्यांची चूक नाही. दोन-तीन मिलिमीटरची दोरी वेगाने सरकत असते, ती कातडी भाजते. बोटाला वेढा बसला आणि कुत्र्याने झटका दिला तर बोट मोडू शकतं, क्वचित तुटूही शकतं. म्हणूनच या लीशच्या सूचनापत्रकात दोरीला हात लावू नका असा इशारा असतो, पण ते पत्रक खोक्याबरोबर कचऱ्यात जातं.

दुसरा मुद्दा वेळेचा. ताशी ३० किलोमीटरने येणारी स्कूटर एका सेकंदात ८ मीटरहून जास्त पुढे येते. काहीतरी घडतंय हे डोळ्याने टिपून अंगठा दाबला जाईपर्यंत बहुतेकांचा पाऊण ते एक सेकंद जातो, सकाळच्या गप्पा चालू असतील तर जास्तच. तेवढ्यात बीगल सहज चार-पाच मीटर धावतो. उभ्या गाडीच्या आडून तो किती बाहेर आलाय हे बाबांना दिसत नाही, आणि बारीक दोरी स्कूटरवाल्यालाही दिसत नाही. ती चाकात किंवा फुटरेस्टमध्ये अडकली तर कुत्रा, चालक आणि बाबा तिघंही पडतात.

तिसरा मुद्दा झटक्याचा. कुत्रा सारख्याच जोराने वेग वाढवत धावला तर जितकं अंतर मिळतं तितकी ऊर्जा साठते. दीड मीटरच्या लीशच्या टोकाशी जेवढी असते तिच्या तिपटीहून जास्त ५ मीटरच्या टोकाशी. ती सगळी एका क्षणात त्याच्या मानेवर आणि तुमच्या मनगटावर येते. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींवर आधारलेल्या एका अभ्यासात २००१ ते २०२० या काळात कुत्रा लीशवर फिरवताना जखमी होऊन तातडीच्या उपचारांसाठी आलेले प्रौढ ४ लाख २२ हजारांवर निघाले. बोटाचं हाड मोडणं, मेंदूला मार आणि खांदा मुरगळणं ही त्यांची मुख्य दुखणी. हे आकडे सगळ्या प्रकारच्या लीशचे मिळून आहेत, फक्त या डबीचे नाहीत. पण ७१ व्या वर्षी पडण्याचा अर्थ काय होतो हे तुम्हाला सांगायला नको.

मूठ हातातून सुटली तर काय होतं, हेही माहीत असायला हवं. स्प्रिंग दोरी आत ओढते, म्हणजे डबी खडखडाट करत कुत्र्याच्या दिशेने धावत जाते. त्याला वाटतं काहीतरी पाठीस लागलंय. तो पळतो, डबी मागून आपटत येते, तो आणखी पळतो. एरवी शांत असलेले कुत्रेही असे लांबवर निघून जातात. दिवाळीच्या आठवड्यात आणि मिरवणुकांच्या दिवसांत तर ही लीश घराबाहेरच काढू नये.

लिफ्टचं वेगळं लिहितो, कारण तिथे जीव जातो. माणूस आत, कुत्रा बाहेर, दार बंद, लिफ्ट चालू. दाराचा सेन्सर हात किंवा पिशवी ओळखतो, पण बारीक दोरी त्याला जाणवेलच असं नाही. साध्या लीशची कापडी मूठ दाराच्या फटीतून निदान सरकून जाण्याची शक्यता असते. ही जाड डबी फटीला अडकते आणि सगळा ओढा मानेवर येतो. म्हणून लिफ्टचं बटण दाबण्याआधीच कुत्रा पायाशी घ्या आणि हार्नेसच्या (छाती-पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांच्या) पाठीवरच्या पट्ट्याला धरूनच आत-बाहेर करा. जाळीच्या दाराच्या जुन्या लिफ्टमध्ये तर शक्यतो जिनाच बरा. कधी दोरी अडकलीच तर डबीचं बटण सोडा म्हणजे दोरी ढिली होत जाईल, आणि त्याच क्षणी दार उघडायचं किंवा लिफ्ट थांबवायचं बटण दाबा.

कमिटीबद्दल थोडक्यात. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. पण जिना, लिफ्ट, पार्किंग इथे कुत्रा आखूड लीशवर ठेवा, असं कोणी म्हणत असेल तर ते रास्त आहे आणि तुमच्याच फायद्याचं आहे. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कमिटीशी भांडण्यापेक्षा 'सोसायटीच्या आवारात दीड मीटरच्या आत' हा शब्द तुम्हीच त्यांना द्या.

आता बाबांच्या हातात काय द्यायचं? नायलॉनची किंवा सुती जाड विणीची, दीड ते १.८ मीटर लांब आणि १५ ते २० मिलिमीटर रुंद, साधी लीश. बीगलला याहून रुंद नको, हूक जड होतो. साखळी नको. हात सोलते, आणि ताणली गेली की तिचा जडपणा मानेवर येतो. मूठ मनगटात अडकवून वर वेढे देण्याची सवय मोडायला सांगा. अंगठा मुठीतून घालायचा, लीश तळव्यात आडवी धरायची, उरलेली घडी करून त्याच हातात. दुसरा हात मधे, कमरेच्या उंचीवर. झटका आला तर असा हात सोडता येतो, मनगटाला वेढे असले तर माणूस ओढला जातो. आणि हुंगण्याचं ठरवूनच टाका: वाटेवरच्या चार-पाच सुरक्षित जागा निवडा, एखादं झाड, कुंपणाची कड, मैदानाचा कोपरा. तिथे पोचल्यावर 'हुंग' म्हणून पूर्ण लांबी द्या आणि दोन-तीन मिनिटं उभे राहा. घाई करू नका. अर्ध्या तासातली दहा मिनिटं अशी गेली तर कुत्रा घरी येऊन पडून राहतो, ओढणंही कमी होतं.

मैदानात आणि मोकळ्या जागी मात्र डबीची लीश खरंच कामाची आहे, हे मान्य करायला हवं. बीगलला मोकळं सोडणं धोक्याचं असतं. वास लागला की हाक ऐकू येत नाही, हा हट्ट नाही, शिकारीसाठी घडवलेल्या जातीचा स्वभाव आहे. अशा कुत्र्याला पाच मीटरचा फेर मिळतो, दोरी चिखलात लोळत नाही, पायात गुंतत नाही, आणि 'ये' शिकवायला अंतर थोडं थोडं वाढवता येतं. पण काही अटी पाळाव्या लागतील.

नवी घेताना दोरीची नको, पूर्ण लांबी चपट्या पट्टीची घ्या. पट्टी रुंद असल्यामुळे कमी कापते, लांबून दिसते आणि गुंता कमी होतो. 'कमाल वजन' हा आकडा कुत्र्याच्या वजनाच्या निदान दीडपट असावा. कंपनीचा आकडा आणि कुत्र्याचं वजन बरोबरीला आणून ठेवायचं नाही, कारण धावत्या कुत्र्याचा झटका वजनापेक्षा किती तरी मोठा असतो. साडेतेरा किलोला २५ किलोपर्यंतची पट्टी योग्य. ५ मीटर पुरे. ८ मीटर घेऊ नका, तेवढ्या अंतरावरून बटणाचा उपयोग उरत नाही. दुकानात मूठ बाबांच्या हातात देऊन बघा. बटण त्यांच्या अंगठ्याने पूर्ण दाबलं जातंय का आणि दहा सेकंद दाबून ठेवता येतं का, हे घरी आणून नव्हे, तिथेच बघायचं. संधिवात असेल तर बरेचदा जमत नाही. मग ही लीश फक्त तुम्ही वापरायची.

गळ्यातल्या पट्ट्याला ही लीश कधीही लावू नका. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा हार्नेस घ्या आणि हूक पाठीवरच्या कडीला लावा. छातीवरच्या कडीला लावली तर दोरी पायात येते. काखेत आणि पट्ट्यात दोन बोटं जावीत, याहून सैल असेल तर बीगल मागे सरकून त्यातून निसटतो. तोंडावर बसणाऱ्या हॉल्टरबरोबर किंवा आवळणाऱ्या साखळीबरोबर तर मुळीच नको, लांबवरच्या झटक्याने मानेच्या मणक्याला इजा होते.

आणि शिकवणं. या लीशचा सगळ्यात मोठा दोष असा की ओढलं की जागा मिळते, हा धडा ती पावलोपावली देते. शिवाय स्प्रिंगचा हलका ताण मानेला किंवा छातीला सतत लागलेला असतो, त्यामुळे 'सैल लीश' म्हणजे काय हे कुत्र्याला कळतच नाही. म्हणून आधी दोन-तीन आठवडे फक्त साध्या लीशवर: लीश ताणली की तुम्ही थांबा, सैल झाली की चाला. एकही अपवाद नको, घरातल्या कोणाचाही. त्याने मागे वळून बघितलं की हरभऱ्याच्या दाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा. दिवसाला असे २०-२५ तुकडे होणार असतील तर तेवढं जेवणातून कमी करा. साडेतेरा किलो हे बीगलच्या मानाने वरच्या टोकाचं वजन आहे. बरगड्या हलक्या हाताने चाचपल्यावर लागत नसतील तर पुढच्या लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांकडे वजनाचा विषय काढा.

त्यानंतर डबी आणा, पण आधी घरातच. मूठ जमिनीवर ठेवून जवळ खाऊ टाका, मग हळू सरकवा, मग एकदा कमी उंचीवरून सोडा. आवाजाला तो दचकेनासा झाला की मैदानात जा. पहिल्या दिवशी २ मीटरच्या पुढे जाऊ देऊ नका. 'थांब' म्हणा, अर्ध्या सेकंदाने बटण दाबा, तो थबकला की खाऊ. उलट क्रमाने नको. आधी झटका आणि मग शब्द आला तर शब्दाला अर्थ उरत नाही. एका वेळी पाच-सहाच वेळा, दिवसातून दोनदा. दहापैकी नऊ वेळा तो शब्दावरच थांबायला लागला की ३ मीटर, मग ५. जवळ आणायचं असेल तेव्हा दोरी नव्हे, हात वापरा: बटण दाबून मूठ आपल्याकडे ओढा, मग बटण सोडत हात झटकन पुढे न्या म्हणजे सैल झालेली पट्टी आत जाते, पुन्हा दाबा, पुन्हा ओढा. तीन-चार वेळा केलं की कुत्रा पायाशी. कुत्रा नसताना, दाराच्या कडीला हूक अडकवून स्वतःच चालत जाऊन हे दहा-वीस वेळा करून बघा. गडबडीच्या वेळी हात शिकलेला असेल तरच चालतो.

टेकडीवरही लांबी सगळीकडे नाही. अरुंद पायवाटेवर आणि सकाळी पळणाऱ्यांच्या गर्दीत दीड मीटर. वेताळ टेकडीवर मोर आहेत. मोर आणि टिटवी दोघंही जमिनीवर अंडी घालतात, टिटवी उन्हाळ्यात आणि मोर पावसाळ्यात. त्या महिन्यांत गवतात शिरू देऊ नका. इंग्लंडमध्ये मोकळ्या माळरानांसाठी नेमक्या याच कारणाने १ मार्च ते ३१ जुलै लीश २ मीटरच्या आत ठेवण्याचा कायदा आहे, आणि अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत वर्षभर ६ फुटांची मर्यादा असते. परदेशातल्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं. आपल्याकडे आणखी एक कारण आहे. उंच गवतात पाच मीटरवरचा बीगल दिसत नाही, घोणसही दिसत नाही. पावसाळा सरला की कुसळं कानात आणि बोटांच्या बेचक्यात घुसतात, गोचीड तर बारा महिने. परत आल्यावर तपासून घ्या.

भटक्या कुत्र्यांचा गट दिसला तर २०-२५ मीटर आधीच लीश आखूड करून कळ लावा, कुत्रा भिंतीच्या बाजूला घ्या आणि लांबून वळसा घ्या. लांब लीशवर तो त्यांच्यात आधी पोचतो आणि तुम्ही मागून, तेव्हा दोरी चार-पाच पायांभोवती फिरते आणि कोणालाच सुटता येत नाही.

देखभाल फारशी नाही, पण न केल्यास बटण ऐन वेळी दगा देतं. निघण्यापूर्वी मीटरभर पट्टी काढा, बटण दाबा, जोरात दोन हिसके द्या. सरकली तर ती लीश घरीच. महिन्यातून एकदा पूर्ण पट्टी बाहेर काढून कडा, शिवण आणि हुकाची खिटी बघा. पावसात भिजली तर तशीच गुंडाळू नका, आत स्प्रिंग गंजते आणि पट्टीला बुरशीचा वास धरतो. पूर्ण काढून, कळ लावून रात्रभर पंख्याखाली टांगा. कोकणात किंवा गोव्यात समुद्रावर नेलीत तर पट्टी गोड्या पाण्याने पुसा, डबी पाण्यात बुडवू नका. वाळू दातात गेली की खीळ नीट बसत नाही. पट्टी आत जायला कंटाळा करू लागली तर केस, माती किंवा पीळ बघा. डबी मात्र उघडू नका. आवळलेली स्प्रिंग उसळून डोळ्याला लागते. पट्टी आत जाताना हुकाला हात धरूनच सोडा, आणि कुत्र्याचा हूक काढण्याआधी ती पूर्ण आत घेऊन कळ लावा. हूक सुटून तोंडावर आदळण्याचे प्रकार बहुतेक याच वेळी होतात. लांबी कळावी म्हणून खूण करायची असेल तर दीड मीटरवर कायम टिकणाऱ्या शाईच्या पेनाने करा. चिकटपट्टी लावली तर ती डबीच्या तोंडाशी अडकते.

आता तुमच्या फोटोबद्दल. हुकापासून चार बोटांवर, जिथे दोरी रुंद पट्टीला शिवलेली आहे, तिथले धागे उसवून बाहेर आलेले स्पष्ट दिसतात. बहुधा त्या दिवशीच्या झटक्यानेच. ती शिवून घेऊ नका. जाड झालेला टाका डबीत शिरत नाही, आणि शिवण तुटली तर ताणलेली दोरी हुकासकट किंवा हुकाशिवाय, पण सरळ हात आणि चेहऱ्याकडे येते. मूठ पायाखाली घेऊन दोरी कापून टाका म्हणजे कचऱ्यातून उचलून ती दुसरं कोणी वापरणार नाही. कापताना दोरी पूर्ण आत गेलेली असू द्या, आणि बाहेर राहिलेल्या टोकालाच कात्री लावा.